'अंधाधुन' आणि त्याचे तीन रीमेक: एका खुनाचा चार भाषांतला प्रवास

(पुढे या सगळ्या चित्रपटांचं कथानक उघड केलं आहे. 'अंधाधुन' अजून पाहिला नसेल, तर आधी तो पाहा.)

एक तरुण पियानोवादक आंधळा असल्याचं सोंग घेऊन जगतो. एका घरी वाजवायला जातो आणि समोर प्रेत पडलेलं दिसतं. दिसलं, हे मात्र चेहऱ्यावर येऊ द्यायची सोय नाही. मग तो वाजवत राहतो.

ही कल्पना २०१० साली एका फ्रेंच लघुपटात आली. २०१८ मध्ये श्रीराम राघवन यांनी तिचा पुण्यात घडणारा हिंदी चित्रपट केला, तो 'अंधाधुन'. पुढे तेलुगूत 'माएस्ट्रो' आला (२०२१, दिग्दर्शक मेर्लपाका गांधी), मल्याळममध्ये 'भ्रमम' (२०२१, दिग्दर्शक रवी के. चंद्रन) आणि तमिळमध्ये 'अंधगन' (२०२४, दिग्दर्शक त्यागराजन). सहा वर्षांत एकच गोष्ट चार भारतीय भाषांत चित्रपट होऊन आली. रीमेकमध्ये नेमकं काय एका ठिकाणाहून दुसरीकडे जातं आणि काय वाटेत गळतं, हे पाहायला याहून चांगलं प्रकरण अलीकडे मिळालेलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या साखळीतला सगळ्यात धीट रीमेक 'अंधाधुन' हाच आहे. राघवन यांनी फ्रेंच लघुपटातून प्रश्न उचलला आणि उत्तर स्वतः शोधलं. नंतरच्या तिघांनी उत्तरच उचललं. तरीही त्या तिघांत काही जागा अशा आहेत जिथे त्यांना स्वतःचं डोकं चालवावंच लागलं, आणि तेवढ्यापुरते ते जिवंत होतात. त्या जागा कोणत्या, हे शोधणं मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचं वाटतं.

मुळातली तेरा-चौदा मिनिटं

ऑलिव्हिए त्रेनर यांच्या त्या फ्रेंच लघुपटाचं नाव 'लाकोर्दर', म्हणजे पियानोचे सूर जुळवून देणारा. लघुपटाला २०१२ साली फ्रान्सचा सेझार पुरस्कार मिळाला. नायक एका मोठ्या पियानो स्पर्धेत कोसळतो, खचतो आणि पोटासाठी घरोघर जाऊन पियानो जुळवायचं काम धरतो. मग काळा चष्मा लावतो. आंधळ्या माणसासमोर लोक मोकळे होतात, जास्त विश्वास टाकतात आणि काम देतानाही हात आखडत नाहीत, हे त्याच्या लक्षात येतं. एक दिवस तो अशा दारात उभा राहतो जे पटकन उघडत नाही. आत गेल्यावर त्याचा पाय रक्तात घसरतो. कोचावर घरच्या पुरुषाचं प्रेत आहे. बाई त्याचे रक्ताने भरलेले कपडे काढून घेते. तो अंतर्वस्त्रांवर पियानोसमोर बसतो आणि खिळे ठोकायचं यंत्र हातात घेऊन ती त्याच्या मागे उभी राहते. तो वाजवतो. तिला कळलं आहे का? वाजवणं थांबल्यावर काय होईल? लघुपट इथेच संपतो.

शेवट उघडा आहे, आणि तेच त्याचं बळ आहे. प्रेक्षकाला उठताना फक्त एक प्रश्न हातात मिळतो: आता?

कन्नड दिग्दर्शक हेमंत राव यांनी राघवन यांना हा लघुपट पाहायला सुचवलं. पुढे 'अंधाधुन'च्या लेखकांत राव स्वतःही होते. त्यांच्यासोबत अरिजित बिस्वास, योगेश चांदेकर आणि पूजा लाढा सुरती. पूजा सुरती यांनीच चित्रपटाचं संकलनही केलं, आणि ही बारीक वाटणारी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या चित्रपटात कोणाला काय दिसलं आणि प्रेक्षकाला ते कधी कळलं, यावरच सगळा खेळ आहे. लिहिणारी आणि कापणारी व्यक्ती एकच असेल, तर तो खेळ कागदावरच अर्धा जमतो.

राघवन यांनी लघुपट ताणला नाही, हे समजून घ्यायला हवं. तो प्रसंग त्यांनी पहिल्या तासात उरकून टाकला आणि उरलेला चित्रपट 'आता?' या प्रश्नावर उभा केला. साक्षीदार पोलिसांकडे जातो, तर पोलीस अधिकारीच खुनी निघतो. बाई संशय घेते आणि सोंग खरं करून टाकते, म्हणजे त्याला खरोखर आंधळं करते. मग अवयवविक्री, डॉक्टर, रिक्षावाला, लॉटरीची तिकिटं विकणारी बाई, अपहरण. यातलं काहीही लघुपटात नाही. ६६ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'अंधाधुन'ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट आणि आयुष्मान खुरानाला (विकी कौशलसोबत विभागून) सर्वोत्कृष्ट अभिनेता हे पुरस्कार मिळाले. पटकथेचा पुरस्कारही मिळाला, तो रूपांतरित पटकथेचा. रूपांतर म्हणजे काय, याचं इतकं नेमकं उदाहरण क्वचित मिळतं.

प्रमोद सिन्हाच्या घरात

आता तो प्रसंग जरा जवळून पाहू. तीन रीमेकनी त्याला सर्वांत जास्त जपलं आहे.

जुन्या काळचा नट प्रमोद सिन्हा (अनिल धवन) पियानोवादक आकाशला (आयुष्मान खुराना) लग्नाच्या वाढदिवशी घरी बोलावतो. बायकोला, सिमीला (तबू), चकित करायचं आहे. आकाश पोहोचतो. दार सिमी उघडते. ती त्याला वाटेला लावू शकली असती, पण समोरच्या शेजारीणबाई बघत आहेत आणि पाहुणा आंधळा आहे. त्याला आत घेणं हेच त्या घडीला सगळ्यात कमी धोक्याचं. ही शेजारीण पटकथेतली अगदी लहान सोय वाटते, पण तिच्यामुळे सिमीचं वागणं पटतं, आणि याच बाईचा पुढे बळी जाणार असतो.

आकाश पियानोवर बसतो. कॅमेरा हळूहळू दाखवतो की खोलीत आणखी कोणीतरी आहे, आणि ते जमिनीवर आहे. आकाश बाथरूममध्ये जातो तर तिथे सिमीचा प्रियकर मनोहर (मानव विज) पिस्तूल घेऊन उभा. आता खोलीत चार माणसं: एक मेलेला, दोन मारणारे आणि एक पाहणारा. पाहणाऱ्याला दिसतं, हे फक्त आपल्याला माहीत आहे.

मग पियानो सुरू राहतो आणि दोघं खुणांनी बोलत प्रेत सुटकेसमध्ये कोंबतात, रक्त पुसतात, वस्तू जागेवर ठेवतात. संवाद जवळजवळ नाहीतच. पियानोसंगीतच पार्श्वसंगीताचं काम करतं, आणि ते प्रसंगातच वाजतं आहे. आकाशने हात आखडला तर ते दोघं सावध होतील. त्यामुळे गाण्याची लय आणि गुन्ह्याची लय एकच होऊन जाते. आपण हसतो, कारण सुटकेस बंद होत नाही. आपल्या अंगावर काटाही येतो, कारण आकाशचे डोळे हलायला नको आहेत.

काळ्या विनोदाची रीत इथे स्वच्छ दिसते. खून गंभीर आहे, मारणारे बुद्धीने मोठे नाहीत आणि घरकाम तेच आहे जे कोणत्याही घरात असतं. याआधी सिमी खेकडे कसे शिजवायचे ते सांगताना दाखवली आहे: आधी फ्रीझरमध्ये ठेवायचे, म्हणजे ते गुंगीत जातात, मग उकळत्या पाण्यात. तेव्हा ते एका गृहिणीचं बोलणं वाटतं. प्रेताच्या वेळी तिचे तेच सराईत हात कामाला लागलेले दिसतात.

या प्रसंगासाठी आयुष्मान पियानो शिकला आणि पडद्यावर त्याचीच बोटं दिसतात. नजर अंधुक करणाऱ्या लेन्स लावून त्याने काम केलं. अशा गोष्टी प्रसिद्धीसाठी सांगितल्या जातात म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं, पण इथे त्यांचा सरळ उपयोग झाला आहे. वाजवणारे हात आणि न पाहणारा चेहरा एकाच चौकटीत ठेवता आले. कट कमी लागले. प्रेक्षकाला पळवाट मिळाली नाही.

ज्याची नक्कल करता येत नाही असा माणूस

प्रमोद सिन्हाच्या भूमिकेत खरा पेच आहे. राघवन यांनी तिथे कोणी तरबेज चरित्र अभिनेता न घेता अनिल धवन घेतला. सत्तरच्या दशकातला नायक. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेला, 'चेतना'ने (१९७०) नावारूपाला आलेला, 'पिया का घर'मधला (१९७२) जया भादुरीचा नवरा. ('पिया का घर' हाच मुळात राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई' या मराठी चित्रपटाचा हिंदी रीमेक. म्हणजे रीमेकच्या या गोष्टीत मराठीचाही धागा आहे, तो असा आडवळणाने.) 'अंधाधुन'मधला प्रमोद आपलीच जुनी गाणी लावून बसतो, आणि ती खरोखर अनिल धवनची गाणी आहेत. चित्रपटाची अर्पणपत्रिका 'छायागीत' आणि 'चित्रहार' यांना आहे. रेडिओ आणि दूरदर्शनवर ती गाणी ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला प्रमोदची ओळख करून द्यावी लागत नाही. तो आधीच आपल्या घरातला आहे. म्हणूनच त्याचा खून आपल्याला लागतो.

आता हे तेलुगूत कसं नेणार? अनिल धवनला डब करून चालणार नाही. त्या भाषेचा विसरला गेलेला नायक शोधावाच लागतो, आणि तिथे रीमेककर्त्याला आपल्या प्रेक्षकाची आठवण नेमकी कुठे आहे, हे ठरवावं लागतं.

'माएस्ट्रो'ने नरेशला घेतलं. १९८० च्या दशकात जंध्याला यांच्या विनोदी चित्रपटांचा तो नायक होता. पण नरेश आजही तेलुगू पडद्यावर बाप, काका, शेजारी म्हणून सतत दिसतो. त्यामुळे 'हा हरवला होता' ही जाणीव तिथे फिकी पडते.

'भ्रमम'ची निवड मला या बाबतीत सर्वांत हुशार वाटते. त्यांनी शंकरला आणलं. १९८० सालच्या फाझील यांच्या 'मंजिल विरिंज पूक्कळ' या चित्रपटाचा नायक शंकर होता आणि खलनायक होता नवखा मोहनलाल. पुढच्या काही वर्षांत खलनायक महानायक झाला आणि नायक मागे पडला. केरळातल्या प्रेक्षकाला हा इतिहास तोंडपाठ आहे. शंकर दारात उभा राहिला की पटकथेने एक अक्षर न लिहिता मावळलेल्या ताऱ्याची सगळी कहाणी त्याच्यासोबत आत येते. ही निवड करताना 'भ्रमम'वाल्यांना मूळ चित्रपटात याचं उत्तर कुठेच सापडणार नव्हतं. ते त्यांना स्वतःच्या सिनेमाच्या इतिहासात शोधावं लागलं.

'अंधगन'ने कार्तिकला घेतलं. भारतीराजा यांच्या 'अलैगळ ओय्वदिल्लै'मधून (१९८१) आलेला आणि मणिरत्नम यांच्या 'मौन रागम'मध्ये (१९८६) थोडा वेळ दिसूनही सगळ्यांच्या मनात राहिलेला नट. कार्तिकला प्रेक्षक विसरलेले नाहीत, पण त्याच्याभोवती एका विशिष्ट काळाचं हळवेपण अजून आहे आणि तमिळ प्रेक्षकासाठी तेवढं पुरतं.

तीन रीमेकमध्ये हीच एक भूमिका अशी होती जी उतरवून घेता येत नव्हती, आणि तिथेच ते सर्वांत वेगळे दिसतात.

सिमीचं वय

याच्या नेमकं उलट सिमीच्या बाबतीत झालं आहे. मला हा तिन्ही रीमेकमधला सर्वांत मोठा तोटा वाटतो, आणि त्यावर फारसं बोललं गेलेलं नाही.

तबू आयुष्मानपेक्षा सुमारे तेरा वर्षांनी मोठी आहे. ती पडद्यावर आल्या क्षणी सत्ता कोणाकडे आहे हे ठरून जातं. आकाश तिच्यासमोर पोरगाच आहे, आणि ती त्याच्याशी कधी मायेने, कधी लाडीगोडीने, कधी थंडपणे बोलते तेव्हा हे अंतर कामाला येतं. म्हाताऱ्या नटाशी लग्न करून आपल्या आयुष्याचं गणित चुकलं, हे तिच्या वावरण्यात न बोलता दिसतं. तिचं क्रौर्य एकदम उगवत नाही.

'माएस्ट्रो'मध्ये नितीनसमोर तमन्ना आहे, जी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. 'भ्रमम'मध्ये पृथ्वीराजसमोर ममता मोहनदास, दोन वर्षांनी लहान. 'अंधगन'मध्ये प्रशांतसमोर सिमरन, तीन वर्षांनी लहान. तिघी चांगल्या अभिनेत्री आहेत, आणि तमन्नाने तर ग्लॅमरची चौकट सोडून ही भूमिका घेतली याचं कौतुकच व्हायला हवं. पण नायक वयाने मोठा आणि त्यातून मोठा तारा असला, की सिमीची दहशत बसत नाही. नायकाचं काही बरंवाईट होईल अशी भीती प्रेक्षकाला वाटेनाशी होते. पृथ्वीराज आंधळ्याचं सोंग करतो तेव्हा तो सोंग करतो आहे हे आपल्याला पदोपदी जाणवतं, आणि त्यात त्याचा दोष थोडाच आहे. त्याच्या उंचीचा तारा घेतला की तो जाळ्यात अडकलेला उंदीर वाटणं अवघड होतं.

'अंधगन'मध्ये मात्र एक वेगळीच गंमत आपसूक घडली. प्रशांत आणि सिमरन ही १९९० च्या दशकाच्या शेवटची तमिळ पडद्यावरची आवडती जोडी. 'जोडी' (१९९९) या नावाचाच चित्रपट दोघांनी केलेला. पंचवीस वर्षांनी तीच नायिका त्याच नायकाच्या डोळ्यांवर उठते. राघवन यांच्याकडे हा पदर नव्हता. कथानक जसंच्या तसं ठेवूनही नटांच्या मागच्या इतिहासामुळे चित्रपटाला नवा अर्थ मिळू शकतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे. दुर्दैव इतकंच की दिग्दर्शनात तो पदर पुढे नेलेला नाही.

'अंधगन' पडद्यावर यायलाही फार वेळ लागला. हक्क २०१९ मध्येच घेतले होते. दिग्दर्शनासाठी आधी मोहन राजा यांचं नाव होतं, मग जे. जे. फ्रेडरिक, आणि अखेर प्रशांतचे वडील त्यागराजन यांनीच सूत्रं हाती घेतली. चित्रपट आला ऑगस्ट २०२४ मध्ये. प्रशांत स्वतः पियानो शिकलेला आहे, त्यामुळे या भूमिकेसाठी तो अगदी योग्य होता. पण पाच वर्षांत 'अंधाधुन' सगळ्यांनी पाहून झाला होता, बहुतेकांनी दोनदा.

पियानो कुठे शोभतो

जागेच्या निवडीत मात्र तेलुगू आणि मल्याळम रीमेकनी नीट विचार केलेला दिसतो. भारतीय घरात पियानो सहज आढळणारी वस्तू नाही. पुण्यात राघवन यांनी तो एका रेस्टॉरंटमध्ये आणि एका जुन्या नटाच्या दिवाणखान्यात ठेवला, आणि शहर स्वतःच्या ओळखीचं असल्याने ते पटवलं. राघवन पुण्यात वाढले आणि तिथेच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. 'अंधाधुन'मधलं पुणं पर्यटनाचं नाही. जुन्या इमारती, ओळखीचे जिने, दारासमोर दार असलेल्या सदनिका, आणि सगळ्यांची खबर ठेवणारे शेजारी. राधिका आपटे, छाया कदम, अश्विनी काळसेकर यांच्यासारख्या मराठी अभिनेत्रींमुळे त्या शहराचा आवाजही खरा लागतो. छाया कदमची लॉटरीवाली सखू तर थेट आपल्या रस्त्यावरून उचललेली आहे. तिची माया आणि तिचा लोभ एकाच वाक्यात येतात.

'माएस्ट्रो' गोव्यात नेला आणि 'भ्रमम' फोर्ट कोचीत. दोन्ही ठिकाणी पोर्तुगीज काळापासूनचा पाश्चात्त्य संगीताचा आणि चर्चचा वारसा आहे, त्यामुळे पियानोवादक नायक तिथे उपरा वाटत नाही. 'भ्रमम'चे दिग्दर्शक रवी के. चंद्रन हे 'दिल चाहता है' आणि 'ब्लॅक'चे छायालेखक. फोर्ट कोचीच्या गल्ल्या आणि जुनी घरं त्यांनी फार देखणी टिपली आहेत. कधीकधी जरुरीपेक्षा जास्त देखणी, कारण या गोष्टीतला विनोद कळकट, गैरसोयीच्या, ऐनवेळी काहीतरी अडणाऱ्या जागांतून येतो. चकचकीत चौकटीत सुटकेस बंद न होणं तितकंसं मजेशीर राहत नाही.

शेजारच्या खिडकीत मूळ चित्रपट

'माएस्ट्रो' १७ सप्टेंबर २०२१ ला डिस्ने प्लस हॉटस्टारवर आला. तीन आठवड्यांनी, ७ ऑक्टोबरला, 'भ्रमम' अ‍ॅमेझॉन प्राइमवर. महासाथीचा काळ, चित्रपटगृहांची खात्री नाही, त्यामुळे निर्मात्यांचा नाइलाज समजण्यासारखा आहे. पण ओटीटीवरच्या रीमेकची अडचण निराळी असते. पूर्वी हैदराबादच्या प्रेक्षकाला हिंदी चित्रपट गावातल्या पडद्यावर मिळाला नाही, तर तेलुगू रीमेक त्याच्यासाठी नवाच असे. आता मूळ चित्रपट उपशीर्षकांसह एका बोटावर आहे, आणि बहुतेकांनी टाळेबंदीत तो पाहिलाही आहे.

'दृश्यम'शी तुलना केली की फरक कळतो. जीतू जोसेफ यांचा मल्याळम 'दृश्यम' (२०१३) अनेक भाषांत गेला. हिंदीत आपल्या निशिकांत कामत यांनी तो २०१५ मध्ये केला, त्यातही तबू होती. तिथे गाभा आहे तो कुटुंब वाचवण्याची धडपड. खुनाचं रहस्य माहीत असलं तरी बापाची तगमग पुन्हा पाहवते. 'अंधाधुन'चा गाभा अनपेक्षित वळणांत आहे. कोण कधी कोणाला विकेल हे माहीत असलं, तर निम्मं हसू आधीच संपलेलं असतं. अशा गोष्टीचा रीमेक करताना वळणं बदलणं हीच तिच्याशी खरी निष्ठा ठरली असती. तिन्ही चित्रपटांनी घटनाक्रम जवळजवळ तोच ठेवला.

चीनमध्ये याउलट झालं. एप्रिल २०१९ मध्ये 'अंधाधुन' तिथे प्रदर्शित झाला तो 'पियानो ट्यूनर' या अर्थाच्या नावाने, म्हणजे फ्रेंच लघुपटाच्याच नावाने. तिथली कमाई भारतातल्या कमाईच्या तिपटीच्या आसपास गेली. त्या प्रेक्षकाला अनिल धवन माहीत नव्हता, 'चित्रहार' माहीत नव्हता. पण पुढे काय होणार, हेही माहीत नव्हतं, आणि हा चित्रपट त्यावर चालतो.

ससा

शेवटाबद्दल थोडं. चित्रपट उघडतो तो कोबीच्या शेतात, एका डोळ्याने अधू ससा आणि त्याच्यामागे बंदूक घेतलेला माणूस. त्याचा संबंध कळतो थेट शेवटी. दोन वर्षांनी पोलंडमधल्या क्राकोव शहरात आकाश जुनी प्रेयसी सोफीला (राधिका आपटे) आपली कहाणी सांगतो: डॉक्टरचा बेत, सिमीची सुटका, तिने गाडी अंगावर घालणं आणि ऐनवेळी काचेवर आदळलेला ससा. मग तो निघतो, हातात सशाच्या डोक्याची मूठ असलेली काठी, आणि वाटेतला डबा काठीने उडवतो.

म्हणजे त्याला दिसतं. मग त्याला डोळे कुठून मिळाले? ससा होता की त्याने रचला? राघवन इथे फ्रेंच लघुपटाकडे परत जातात. दोन तासांहून जास्त वेळ उत्तरं देऊन झाल्यावर ते प्रेक्षकाच्या हातात पुन्हा एक प्रश्न ठेवतात, आणि या वेळी प्रश्न पाहणाऱ्याला आहे: इतका वेळ ज्याचं बोलणं खरं धरलं, तो पहिल्यापासून खोटं बोलणारा होता, हे तुम्ही कसं विसरलात?

हा शेवट चालतो, कारण तो पहिल्यांदाच येतो. रीमेकचा प्रेक्षक सशाची वाटच पाहत बसलेला असतो.

पाहायचा क्रम

हे प्रकरण स्वतः तपासून पाहायचं असेल, तर चारही चित्रपट सलग पाहू नका. आधी त्रेनर यांचा लघुपट, मग 'अंधाधुन'. त्यानंतर रीमेकमधून फक्त दोन-दोन प्रसंग काढा: जुन्या नटाचा पहिला प्रवेश, आणि प्रेतासमोरचं पियानोवादन. पहिल्या प्रसंगात शंकर, नरेश आणि कार्तिक यांच्याकडे बघताना दिग्दर्शक कोणती जुनी आठवण चाळवू पाहतो आहे ते दिसेल. दुसऱ्यात डोळे नायकावर न ठेवता सिमीच्या हातांवर ठेवा. तबूचे हात घर आवरत असतात. बाकीच्या तिघींचे हात पुरावा लपवत असतात.